लाइट जाऊन आली की टीव्हीच्या स्टिकला आमचं वायफाय दिसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोलापुरात साखर पेठेत आमचं जुनं दगडी घर आहे. राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्ही आतल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई आतच असते आणि दुपारी यूट्यूबवर कीर्तन लावलं की तिचा वेळ बरा जातो. टीव्हीला भावाने अमेरिकेहून आणलेली जुनी स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला लावून वायफायवरून यूट्यूब वगैरे दाखवणारी कांडी) आहे.

लाइट जाऊन आली की कधीकधी स्टिकच्या यादीत आमच्या वायफायचं नावच येत नाही. शेजाऱ्यांची नावं येतात, आमचंच नाही. म्हणजे पासवर्ड टाकायची वेळच येत नाही. त्याच वेळी आईच्या कॉटवर बसून फोनवर तेच वायफाय चालतं. मोबाइलचा हॉटस्पॉट दिला की स्टिकही लगेच जोडली जाते. स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर नाही, स्वतःच्या अडॅप्टरवर आहे. रीसेट करून झालं. राउटर बंद-चालू केला तर कधी नाव येतं, कधी नाही, आणि तोवर आई रिमोट हातात धरून बसलेली असते.

काल फोनवर वायफाय अॅनालायझर (आसपासची वायफाय कोणत्या चॅनलवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या क्रमांकाच्या पट्टीवर आहेत ते दाखवणारं अॅप) टाकून पाहिलं. नाव गायब होतं तेव्हा राउटर चॅनल 13 वर होता. बंद-चालू केल्यावर 6 वर आला आणि स्टिकला लगेच दिसला. राउटरचं चॅनल 'ऑटो'वर असणार, म्हणजे तो स्वतःच चॅनल निवडतो. आपल्याकडे वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर 13 पर्यंत चॅनल चालतात, अमेरिकेत मात्र सहसा 11 पर्यंतच वापरतात. तिकडच्या बऱ्याच उपकरणांना 12-13 दिसतच नाहीत म्हणे. आमच्या स्टिकचं हेच असावं, असं मला वाटतं. वायफायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झ बँडचा उपयोग नाही, मधली भिंत हातभर जाड आहे, आत रेंज पोचत नाही.

नेटवाला म्हणतो स्टिक खराब आहे, नवीन घ्या. हॉटस्पॉटवर तासन् तास चालणारी वस्तू खराब कशी, हे मला पटत नाही. राउटरचा अॅडमिन पासवर्ड त्याच्याकडेच आहे. उद्या तो येणार आहे, तेव्हा कृपया एवढं सांगा:

चॅनल 1, 6 किंवा 11 वर कायमचं ठेवायला सांगितलं तर पुरेल का? 11 वर आधीच शेजाऱ्यांची गर्दी आहे, म्हणून मी 1 किंवा 6 म्हणणार आहे. आणि स्टिकमध्येच देश बदलून भारत करता येतो का? तसं कोणी केलं असेल तर जरूर लिहा.