बुडालेल्या पाणगवतावरून ओढण्यासाठी वेकबेट निवडताना काय पाहावे?

ऐरोली_गळ:

सर्वांना नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि गेली चार वर्षे सुट्टीच्या दिवशी गळाने मासेमारी करतो. मुरबाड तालुक्यात माझ्या मामांच्या गावी एक जुने तळे आहे आणि तिथे मरळ धरण्याची परवानगी मला गावकऱ्यांनी दिलेली आहे. तळ्याच्या एका बाजूला जलपर्णीचा घट्ट थर आहे, मधल्या भागात कुमुदाची पाने आहेत आणि उरलेल्या जवळजवळ अर्ध्या पाण्यात हायड्रिला हे पाण्याखालचे गवत वाढलेले आहे. हा हायड्रिला बहुतेक ठिकाणी पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. वरून पाहिले तर पाणी मोकळे वाटते, पण लूर, म्हणजे कृत्रिम आमिष, जरा खाली गेला की हिरव्या दोऱ्यांचा झुपका घेऊनच परत येतो.

माझा मामेभाऊ टेक्ससमध्ये असतो आणि तिथे लार्जमाउथ बास नावाचा मासा धरतो. या दिवाळीत येताना त्याने माझ्यासाठी तीन वेकबेट, म्हणजे पृष्ठभागालगत लाटेची रेघ सोडत चालणारे लूर, आणले. एक आखूड, जाड पोटाचा आणि अखंड आहे. दुसरा लांबट, दोन ठिकाणी सांधलेला आहे. तिसरा माशाच्या आकाराचा असून आत मोठी गोळी खडखडते. आजवर मी केवळ पोकळ रबरी बेडूक वापरला आहे. पहिल्याच दिवशी अखंड वेकबेट टाकला, तेव्हा वीस फेकींपैकी जेमतेम चार-पाच स्वच्छ परत आल्या. मात्र त्या चार-पाच फेकींत पाण्यावर बाणाच्या टोकासारखी जी रेघ उमटत होती, तिच्या मागे एकदा पाणी फुगलेले मी स्वतः पाहिले आणि तेव्हापासून हा लूर मनातून जात नाही.

माझा प्रश्न असा की अशा पाण्यासाठी या तिघांपैकी कोणता निवडावा आणि निवडताना नेमके काय पाहावे? बाससाठी बनवलेला लूर मरळीला चालतो का, हेही अनुभवी मंडळींनी सांगितले तर उपकार होतील.

वाशी_खाडीकाठ:

नमस्कार. मी नोकरीनिमित्त सहा वर्षे टेक्ससमध्ये होतो आणि त्यातील बहुतेक शनिवार हायड्रिलाने भरलेल्या जलाशयांवर घालवले, त्यामुळे आपण वर्णन केलेले पाणी डोळ्यांसमोर उभे राहिले. एक गोष्ट मला तेव्हा फार विलक्षण वाटली होती. हायड्रिला ही आपल्याकडची वनस्पती आहे. मत्स्यालयात ठेवण्यासाठी म्हणून ती १९५० च्या दशकात फ्लोरिडात नेली गेली आणि तिथून अमेरिकेच्या दक्षिण भागातील पाण्यात पसरली. म्हणजे आपल्या हातातील लूर तिकडच्या माणसांनी ज्या गवतावरून ओढला, ते मुळात आपल्याच तळ्यांतील गवत आहे. उलट आपली डोकेदुखी ठरलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आली.

आता मुद्द्याकडे येतो. लूर निवडण्याआधी पाणी मोजावे, असे माझे ठाम मत आहे. तळ्याची खोली येथे गौण आहे. गवताचा शेंडा आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यामध्ये किती मोकळे पाणी उरले आहे, तेच मोजायचे. ते वीतभर किंवा त्याहून अधिक असेल तर वेकबेटसारखा लूर नाही. चार बोटेच असेल तर अगदी वरून चालणारा वेकबेट कसाबसा निभावतो. गवत पृष्ठभागाला टेकले असेल किंवा वर आडवे पसरले असेल, तर तिथे बेडूकच हवा. वेकबेटने हट्ट करण्यात अर्थ नाही.

वेकबेट किती खाली जाईल हे मुख्यतः त्याच्या लिपवरून, म्हणजे तोंडाशी असलेल्या पट्टीवरून, कळते. खोल जाणाऱ्या क्रँकबेट प्रकारच्या लूरची लिप शरीराच्या रेषेत पुढे आलेली असते, तर वेकबेटची लिप आखूड असून जवळजवळ काटकोनात खाली वळलेली असते. त्यामुळे पाण्याचा रेटा लूरला खाली न नेता डावी-उजवीकडे डोलवतो, त्याची पाठ पृष्ठभागाला घासत राहते आणि मागे लाटेची रेघ उमटते. आपल्या तिन्ही लूरांच्या लिप एकमेकींशेजारी धरून पाहा; ज्याची लिप सर्वांत उभी आहे, तो पहिल्यांदा टाका. मॅन्स कंपनीचा बेबी वन-मायनस हा लूर गवतावरून ओढण्यासाठी तिकडे अनेक जण वापरतात, पण तो फूटभरापर्यंत खाली जातो, म्हणून चार बोटे पाण्यात तो चालणार नाही. याउलट कॉटन कॉर्डेल कंपनीचा रेड फिन हा साधा मिनो, म्हणजे लहान माशाच्या आकाराचा सडपातळ लूर, आहे, तरीही तो इतका सावकाश ओढतात की तो पृष्ठभागावरच डोलत येतो. सांगण्याचा हेतू एवढाच की डबीवर काय लिहिले आहे यापेक्षा आपल्या वेगाने ओढल्यावर लूर कुठे चालतो, याला महत्त्व आहे.

ओढताना रॉडचे टोक वर, घड्याळातील दहाच्या काट्याइतके ठेवावे आणि रील एकाच लयीत, वाटते त्याहूनही हळू फिरवावे. टोक खाली आणले की लूर खाली जातो आणि वेग वाढवला तरी तेच होते. आपल्या पंधरा फेकी गवतात गेल्या त्यामागे लूरइतकाच वेगही कारणीभूत असावा, असा माझा अंदाज आहे, कारण बेडूक उड्या मारत आणणाऱ्याचा हात सवयीने जलद चालतो.

सांधलेला लूर हळू ओढला तरी भरपूर डोलतो आणि रुंद रेघ सोडतो, म्हणून थंडीतील सकाळी, पाणी स्थिर असताना मी तोच निवडीन. खडखडणारा लूर वाऱ्याने पाणी हलत असताना किंवा गढूळ असताना उपयोगी पडतो. स्वच्छ, निश्चल पाण्यात त्या आवाजाने बास वळून गेलेले मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहेत.

खारीगाव_बांध:

वाशीकरांनी लूरबद्दल उत्तम लिहिले आहे. मी माशाबद्दल थोडे लिहितो, कारण आमच्या घरात तीन पिढ्या गरी टाकत आल्या आहेत आणि मरळ म्हणजे बास नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

बास पाण्यातच श्वास घेतो. मरळीला मात्र पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. तिला वर येऊ दिले नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते. म्हणून गवताने भरलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या तळ्यात इतर मासे हैराण होतात, तेव्हाही मरळ सुखाने राहते. याचा गळ टाकणाऱ्याला थेट उपयोग आहे. काठावर दहा मिनिटे गप्प बसून पाहावे. मरळ हवा घ्यायला आली की पाणी हलकेच उघडते, एक लहानसा आवाज होतो आणि पाठोपाठ दोन-चार बुडबुडे येतात. ती जागा ध्यानात ठेवून, लगेच तिच्या डोक्यावर लूर न टाकता, चार-पाच हात पलीकडे टाकावा आणि रेघ त्या जागेवरून जाईल असा ओढावा. बहुतेक वेळा ती तिथेच गवताच्या खळग्यात पडून असते.

दुसरा फरक घेण्याच्या पद्धतीत आहे. बास मोठे तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. मरळ धडक मारून दातांनी पकडते आणि पुष्कळदा पहिला घाव चुकतो. बेडूक वापरताना आपण तो घाव ऐकून क्षणभर थांबतो, कारण बेडकाचे गळ पाठीला चिकटलेले असतात आणि मरळीने तो दाबल्याशिवाय ते उघडे पडत नाहीत. वेकबेटचे गळ उघडेच असतात. तिथे आवाजावर झटका मारू नये आणि थांबूही नये. त्याच लयीत ओढत राहावे व वजन हाताला लागले की मगच रॉड बाजूला खेचावा. आवाजावर झटका मारल्याने माझ्या हातून गेलेल्या मरळींची आठवण आजही मला टोचते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वर चढण्याच्या, दिवसांत आणि पुढे सबंध पावसाळ्यात मरळीची पिल्ले तांबूस-नारिंगी थव्याने पृष्ठभागावर दिसतात आणि त्यांच्या खाली आई-बाप राखण करीत असतात. त्या थव्यावरून काहीही ओढले तरी ते धावून येतात. त्यांना धरणे अतिशय सोपे असते आणि म्हणूनच ते करू नये, कारण राखणदार गेला की इतर मासे तो थवा पाहता पाहता संपवतात. आपण दिवाळीनंतर जात आहात, ही वेळ योग्य आहे.

ऐरोली_गळ:

दोघांचेही मनापासून आभार. काका, श्वास घेण्याची जागा पाहून टाकण्याची कल्पना मला कधी सुचली नव्हती. मोकळे पाणी मोजायचे कसे, एवढे कृपया सांगावे. काठावरून अंदाज येत नाही. शिवाय तीन टोकांचे गळ बदलावेत का?

कळवा_सुतार:

मोजण्याची माझी रीत सांगतो. दोऱ्याच्या टोकाला एक हलका तरंगणारा बूच बांधावा आणि त्याखाली वीतभर अंतरावर लहानसे शिसे लटकवावे. हे जिथे लूर ओढायचा आहे तिथे टाकून अगदी सावकाश ओढावे. बूच अडखळत, मान टाकत येत असेल तर शिसे गवताला लागत आहे; बूच सरळ येत असेल तर वीतभर पाणी मोकळे आहे. मग अंतर चार बोटांवर आणून पुन्हा पाहावे. अर्ध्या तासात तळ्याचा नकाशा डोक्यात बसतो आणि तो पुढचे काही आठवडे उपयोगी पडतो. मात्र पाणी आटत जाईल तसे मोजमाप पुन्हा करावे लागते, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी खाली गेले की हेच गवत पृष्ठभागाला टेकते.

गळांविषयी: होय, बदलावेत, पण वजन सांभाळून. मी तीन टोकांचे दोन्ही गळ काढून त्याजागी एकेरी सरळ डोळ्याचे गळ बसवतो. मागील गळाचे टोक वर आणि पुढील गळाचे टोकही वर ठेवले तर गवत फारच कमी अडकते. परंतु एकेरी गळ हलका असेल तर लूर पाण्यात वर तरंगतो, लिप पाण्याबाहेर येते आणि डोलणे बंद पडते. म्हणून काढलेले आणि बसवायचे गळ स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलून पाहावेत आणि फरक पडत असेल तर एक आकार मोठा गळ घ्यावा. नंतर बादलीभर पाण्यात लूर सोडून, आधी तो जसा तरंगत होता तसाच तरंगतो का, हे पाहावे. मी पहिल्यांदा हे न करता गेलो होतो आणि अख्खी सकाळ लूर काठीसारखा सरळ येत राहिला.

दोऱ्याबाबत एक शब्द. फ्लुरोकार्बनचा दोरा जड असतो आणि लूरचे तोंड खाली ओढतो, म्हणून तो येथे नको. ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, तरंगते आणि गवत कापतही येते, त्यामुळे मरळीसाठी मी चाळीस पौंडांची ब्रेड वापरतो. मात्र ब्रेड ताणली जात नाही, म्हणून रॉड फार ताठ घेऊ नये, नाहीतर उघडे गळ माशाच्या तोंडातून फाटून येतात. बेडकासाठी ताठ रॉड आणि वेकबेटसाठी थोडा लवचीक, असे दोन ठेवले तर उत्तम.

आणि लिपवर गवताचा एक धागा जरी दिसला तरी ती फेक संपली असे समजावे. तो धागा पाण्यावर आपटून झटकण्याने तिथली मरळ बिथरते. लूर हातात घेऊन बोटाने पुसावा.

ऐरोली_गळ:

काल पहाटे जाऊन आलो, म्हणून सविस्तर कळवतो. कळवेकरांच्या रीतीने मोजले तेव्हा कळले की ज्या मधल्या भागात मी पहिल्या दिवशी टाकत होतो, तिथे जेमतेम तीन बोटे पाणी मोकळे आहे. मात्र कुमुदाच्या पानांना लागून बांधाच्या दिशेने जाणारी एक पट्टी आहे, तिथे वीतभर पाणी सलग मिळते. आजवर मी ती पट्टी मोकळी म्हणून सोडून देत होतो.

लिप शेजारी शेजारी धरून पाहिल्या. सांधलेल्या लूरची लिप सर्वांत उभी निघाली. त्याचे गळ बदलले, तोलले आणि आमच्या सोसायटीच्या टाकीजवळ बादलीत तपासले. पट्टीवर बत्तीस फेकी केल्या, त्यातील सव्वीस स्वच्छ आल्या. सात वाजण्याच्या सुमारास पानांच्या कडेला बुडबुडे दिसले, काकांनी सांगितल्याप्रमाणे पलीकडे टाकून ओढले आणि रेघ तिथून पुढे गेल्यावर मागून पाणी फुगत आले. घाव पडला, तो चुकला. हात थांबू पाहत होता, पण मी रील फिरवत राहिलो आणि दोन हात पुढे आल्यावर दुसरा घाव पडला तो वजनासहित. मरळ साधारण दीड किलोची असावी. मागचा एकेरी गळ जबड्याच्या कोपऱ्यात लागला होता आणि पकडीने एका वळणात निघाला. तिला पाण्यात सोडले, तेव्हा ती क्षणभर काठाच्या उथळ पाण्यात थांबली, एकदा वर येऊन हवा घेतली आणि पानांखाली गेली.

मधल्या तीन बोटांच्या भागासाठी बेडूकच ठेवला आहे. वाशीकर, खडखडणारा लूर वाऱ्याच्या दिवसासाठी राखून ठेवतो.