सोसायटी ग्रुप: नवीन रोलर कोस्टर आणि पहिलाच वीकेंड

बी-३०२: काल रात्री दमून झोपलो म्हणून आत्ता लिहितोय. सोसायटीच्या ट्रिपमध्ये ज्यांना त्या नवीन कोस्टरवर बसायचंय त्यांनी आधी हे वाचा. पहिलाच वीकेंड म्हणून आम्ही शनिवारी गेट उघडायच्या आधीच रांगेत, राईड सुरू झाली, थोड्या फेऱ्या झाल्या की बंद, मग रिकाम्या गाड्या फिरवत बसले, मग परत सुरू, आणि आमचा नंबर येणार तेवढ्यात वर चढणीवर माणसांसकट गाडी अडकली. लोकांना बाजूच्या पायऱ्यांवरून एकेक करून हात धरून उतरवलं आणि आम्ही खालून माना वर करून बघतोय. पोरगी रडायला लागली. स्पीकरवर एकच टेप, तांत्रिक कारणामुळे विलंब होत आहे, तांत्रिक कारणामुळे विलंब होत आहे.

ए-१०४: अरे देवा. कोणाला लागलं नाही ना?

बी-३०२: नाही काकू, सगळे धडधाकट उतरले. एकजण तर उतरताना व्हिडिओ काढत होता.

सी-२०२: म्हणजे आपल्या बी विंगच्या लिफ्टसारखंच की. फक्त तिथे तिकीट काढून अडकायचं.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय मीटिंगमध्ये. इथे नको.

बी-१०१: (व्हिडिओ) हे बघा सगळ्यांनी!! गाडी टोकापर्यंत गेली आणि उलटी मागे घसरली. अशा राईडवर बंदीच आणली पाहिजे. पुढे पाठवा.

ए-६०३: काका हा इथला व्हिडिओ नाहीये हो. ही ‘किंगडा का’ नावाची कोस्टर, अमेरिकेत न्यू जर्सीला होती, १३९ मीटर उंच. होती म्हणतोय कारण २०२४ ला बंद केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्फोटकं लावून पाडली पण. आणि ते मागे घसरणं म्हणजे गाडी सुटली वगैरे नाही, त्याला रोलबॅक म्हणतात. खालून फेकतानाच जोर थोडा कमी पडला, वारा आडवा आला, तर टोक पार होत नाही आणि गाडी मागे येते. हे होणार हे धरूनच बनवलेलं असतं, गाडी पुढे गेली की मागच्या रुळावर ब्रेकच्या पट्ट्या वर येतात आणि परत येणारी गाडी त्यांच्यात हळू होत थांबते. काही लोक तर रोलबॅक मिळावा म्हणून नवस बोलायचे, कारण एका तिकिटात दोनदा लाँच!

बी-१०१: मला जसं आलं तसं पुढे पाठवलं.

ए-१०४: ते राहू दे. बी-३०२ ने जे सांगितलं ते तर खरंच झालंय ना. चढणीवर अडकली म्हणजे साखळी तुटली असती तर?

सी-५०१: काकू मी बोलू का, माझं कामच कारखान्यातल्या ऑटोमेशनचं आहे आणि कोस्टरचा कंट्रोल मुळात त्याच जातीचा, पीएलसी (म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर) आणि सेन्सर. साखळी तुटली तरी गाडी मागे जात नाही. चढताना खालून तो कट कट कट आवाज येतो ना, तो गाडीखालच्या लोखंडी खिट्टीचा, रुळाच्या मधे दातेरी पट्टी असते, खिट्टी एकेक दात ओलांडत वर जाते आणि मागे यायला लागली की दातात अडकून बसते. त्याला वीज लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही, काही नाही. नवीन राईडवर हा आवाज कमी करायची सोय करतात पण खिट्टी असतेच.

सी-५०१: आणि अडकली हा शब्दच मला पटत नाही. अडकली नाही, अडवली. अख्खा ट्रॅक तुकड्यांमध्ये वाटलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, रेल्वेच्या सिग्नलचं जे तत्त्व तेच इथे. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याचं सेन्सरने सांगितलं नाही की मागची गाडी जिथे थांबवता येईल तिथे थांबवतात, आणि चढण ही त्यातली सगळ्यात सोयीची जागा, कारण तिथे साखळी बंद केली की झालं आणि उतरवायला पायऱ्या पण असतात. म्हणजे स्टेशनात कोणाचा तरी पट्टा नीट बसला नाही, त्याने दोन मिनिटं खाल्ली, पुढची गाडी निघाली नाही, की मागची येऊन चढणीवर उभी. तुम्ही खालून बघितलंत ते बहुतेक असलंच काहीतरी.

बी-३०२: मग पायऱ्यांवरून का उतरवलं? सोडून द्यायची ना गाडी पुढे.

सी-५०१: कारण सेन्सरचं म्हणणं खरं की खोटं ते तपासायला माणूस पाठवावा लागतो आणि तोवर लोकांना वर ताटकळत ठेवण्यापेक्षा उतरवणं बरं. उलट न तपासता सोडली असती तर मी म्हटलं असतं तिकडे पाऊल ठेवू नका.

ए-६०३: आणि दादा, पहिल्या वीकेंडला हे जगात सगळीकडे होतं हो. अमेरिकेत ओहायोच्या सीडर पॉईंट पार्कला स्टील व्हेंजन्स नावाची कोस्टर २०१८ च्या मे महिन्यात उघडली, त्याच दिवशी परत येणारी गाडी स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीला जाऊन टेकली, मग बरेच दिवस एकाच गाडीवर चालवली. आज तीच लोकांच्या टॉप लिस्टमध्ये असते. किंगडा का २००५ च्या मे मध्ये उघडली आणि जूनमध्ये गाडी फेकणाऱ्या केबलच्या खाचेतला बोल्ट गेला, ऑगस्टपर्यंत बंद. सीडर पॉईंटचीच टॉप थ्रिल टू तर २०२४ मध्ये उघडली आणि साधारण आठवड्याभरात बंद, तो अख्खा सीझन गेला गाड्या दुरुस्त करण्यात!

सी-२०२: तू अभ्यास सोडून हेच करतोस का रे.

बी-३०२: अरे पण उद्घाटनाच्या आधी महिनोन्महिने टेस्टिंग करतात ना? मग तेव्हा काय झोपले होते?

सी-५०१: करतात, पाण्याने भरलेले पुतळे बसवून शेकडो फेऱ्या मारतात. पण पुतळा नीट बसतो हो, पिशवी घेऊन येत नाही, पट्टा लावल्यावर परत काढून फोन खिशात टाकत नाही. खरी माणसं आली की स्टेशनातला वेळ वाढतो आणि सगळं गणित तिथे फिसकटतं. शिवाय नवीन चाकं, नवीन बेअरिंग, सकाळी गार असतात तेव्हा गाडी हळू पळते आणि दुपारी तापली की तीच गाडी त्याच ट्रॅकवर जोरात. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांचा वेग वेगळा, वारा असला की आणखी वेगळा. सेन्सरला एक ठरावीक वेळ दिलेली असते, त्याच्या आत गाडी पोचली नाही किंवा फार लवकर पोचली की थांबवा. ती मर्यादा सुरुवातीला मुद्दाम कडक ठेवतात. फार हळू झाली आणि दोन चढांच्या मधल्या खळग्यात बसली तर मग क्रेन वगैरे आणा, गाडी ओढा, दिवस गेला. त्यापेक्षा चढणीवर थांबलेली परवडली. आणि त्या रिकाम्या गाड्या फिरवतात ना, तो टाइमपास नाही, थांबल्यावर पुन्हा माणसं बसवायच्या आधी करावंच लागतं ते.

ए-१०४: थांब जरा. म्हणजे बंद पडली ही चांगलीच गोष्ट असं म्हणायचंय का तुला? मग रोज पडली तर आणखी चांगली?

सी-२०२: काकूंनी पकडलं.

सी-५०१: नाही काकू, आणि हा प्रश्न अगदी बरोबर आहे, मला हेच म्हणायचं होतं पण आधी सुचलं नाही. एकदा थांबली तर मशीनने काम केलं. तीच राईड त्याच जागी पुन्हा पुन्हा थांबायला लागली की मशीनपेक्षा माणसांची काळजी वाटते, कारण खोटे अलार्म ऐकून ऐकून माणूस कंटाळतो आणि एक दिवस खरा अलार्म पण खोटाच समजतो. इंग्लंडमध्ये अल्टन टॉवर्स पार्कला स्मायलर नावाची राईड आहे, २०१३ मध्ये उघडली, १४ वेळा उलटं करते, सुरुवातीपासून तिच्या बंद पडण्याच्या बातम्या यायच्या. २ जून २०१५ ला काय झालं, जोराचा वारा होता, एक रिकामी टेस्टची गाडी पुढे ट्रॅकवर बसून राहिली. मागे माणसं भरलेली गाडी चढणीवर सिस्टिमने बरोबर अडवली. आत्ता जे आपल्याकडे झालं अगदी तेच, इथपर्यंत सगळं ठीक. पण त्या दिवशी ट्रॅकवर एक जास्तीची गाडी घेतलेली हे तिथल्या इंजिनिअरना माहीत नव्हतं, त्यांनी गाड्या मोजल्या, सगळ्या जागेवर दिसल्या, मग कॉम्प्युटरच चुकतोय असं समजून ब्लॉकचा थांबा ओव्हरराईड केला, म्हणजे सिस्टिमला डावलून गाडी सोडली. ती जाऊन रिकाम्या गाडीवर आदळली. १६ जण होते, सगळे जखमी, त्यातल्या दोन तरुण मुलींचा एकेक पाय काढावा लागला. पुढच्या वर्षी कोर्टाने कंपनीला ५० लाख पौंड दंड केला. दोष त्या इंजिनिअरचा एकट्याचा धरला नाही, असं झाल्यावर काय करायचं याची धड लेखी पद्धतच नव्हती म्हणून कंपनीचा धरला.

ए-१०४: बाप रे.

बी-१०१: मी तेच म्हणत होतो.

ए-६०३: काका तुम्ही वेगळंच म्हणत होतात.

बी-३०२: हे ऐकून मला बरं वाटायला हवं का वाईट तेच कळेना. पण माझा राग कुठे होता ते सांगतो, थांबवली हा नव्हताच. त्या टेपवर होता. दोन गाड्या असताना दुपारपासून एकच चालवत होते, मी स्वतः बघितलं, दुसरी बाजूच्या शेडमध्ये उभी. आणि रांगेच्या तोंडाशी बोर्डवर मात्र वेटिंगचा आकडा सकाळचाच. आमच्या मागे लोक येतच होते, त्यांना कोणी सांगत नव्हतं.

सी-५०१: हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि याला इंजिनिअरिंगचा काही बहाणा नाही. हिशेब करा ना, समजा एका गाडीत २४ सीट. दोन गाड्या असल्या, मिनिटाला एक सुटली तर तासाला १,४४० माणसं. एकच असली की ती फिरून येणार, लोक उतरणार, नवीन बसणार, पट्टे तपासणार, दोन मिनिटांखाली होत नाही, म्हणजे ७२० च्या वर जातच नाही. बोर्डवर एक तास लिहिलं असेल तर ते सरळ दोन तास झाले. दुसरी गाडी काढून घेणं हा निर्णय सावधपणाचा असेलही, पण ती काढली त्या मिनिटाला बोर्ड बदलायला कोणाचं काय जातं?

ए-६०३: ज्यांचं अख्खं येणंच त्या एका राईडसाठी होतं त्यांना परत यायचा पास तरी द्यायला हवा होता.

बी-३०२: दिला नाही. काउंटरवर मुलगा बिचारा विशीतला, त्यालाच काही माहीत नव्हतं, त्याच्यावर लोक ओरडत होते. मी नाही ओरडलो.

बी-३०२ (मिसेस): ओरडला होतास.

सी-२०२: 👀

ए-१०४: मला एक सांगा, आपल्यासारख्याला बाहेरून काय कळणार नीट चाललंय की नाही? आपण काय इंजिनिअर आहोत?

ए-६०३: काकू, कळतं कधी कधी. अमेरिकेत कॅरोविंड्स पार्कला फ्युरी ३२५ नावाची कोस्टर आहे, २०२३ मध्ये तिथल्या एका खांबाला आरपार भेग पडली होती, गाडी जाताना खांब हलायचा, आणि ते पहिल्यांदा नजरेस पडलं एका पाहुण्याच्या. त्याने व्हिडिओ काढून कळवलं तेव्हा राईड बंद केली, खांब बदलला, ऑगस्टमध्ये परत सुरू.

सी-५०१: तेवढं दिसायला पाहिजे असं नाही, पण माणसांकडे बघा. ऑपरेटर प्रत्येक सीटचा बार स्वतः हाताने ओढून बघतोय का, का नुसता चालत जातोय. उंचीच्या पट्टीला पोराला उभं करतात का, का रडतोय म्हणून सोडतात. थांबल्यावर लोक परत बसवायच्या आधी रिकामी फेरी मारतात का. हे सगळं रांगेतून दिसतं, वेळ तर भरपूरच असतो.

बी-३०२: बार ओढून बघत होते, हे मात्र खरं. दोनदा बघत होते, दोन वेगळी माणसं.

सेक्रेटरी: मग ट्रिपचं काय ते ठरवा, मला बसवाल्याला कळवायचंय. १) ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी. २) दीड-दोन महिने पुढे. ३) कोस्टरची आशा न धरता जायचं, चालू असली तर बसायचं.

सी-५०१: २. आणि रविवार नको, मधला वार बघा.

ए-६०३: १ प्लीज

सी-२०२: मधल्या वारी सुट्टी कोण देणार, तुमचा पीएलसी?

ए-१०४: २. मी खालीच बसणार आहे, पण २.

बी-३०२: २. आणि पार्कला ग्रुपतर्फे मेल टाकूया का? मी ड्राफ्ट करतो, शिव्या नाही घालत. एकच म्हणणं, किती गाड्या चालू आहेत ते बोर्डवर लिहा आणि राईड तासाच्या वर बंद राहिली तर रांगेतल्यांना परत यायचा पास द्या.

सेक्रेटरी: चालेल, पण पाठवायच्या आधी मला दाखवा. मागच्या वेळी बिल्डरला पाठवलेला मेल अजून निस्तरतोय.

बी-३०२: हो हो. मुलगी विचारतेय की दोन महिन्यांनी तरी पहिल्या सीटवर बसायला मिळेल का.

ए-६०३: पहिल्या सीटची रांग बऱ्याच ठिकाणी वेगळी असते दादा, आणि ती सगळ्यात मोठी. तिला सांग शेवटच्या सीटवर बस, उतारावर खरी मजा तिथेच, पुढच्या डब्यांनी मागच्याला ओढत नेलेलं असतं.

ए-१०४: आधी तिची उंची मोजा.