‘नेट स्लो आहे’ म्हणजे नेमके काय : बँडविड्थ आणि लेटन्सी

प्रश्न :
संगणकांच्या जाळ्यांविषयी मराठीत लिहिताना ‘बँडविड्थ’ आणि ‘लेटन्सी’ या दोन्हींसाठी सर्रास ‘वेग’ हा एकच शब्द वापरलेला दिसतो. बँडविड्थ वाढली की वेग वाढला, लेटन्सी घटली तरीही वेग वाढला. हे एकाच गोष्टीचे दोन उल्लेख आहेत की अर्थ निराळे आहेत? निराळे असल्यास मराठीत काय म्हणावे?

उत्तर :
अर्थ निराळे आहेत. जोडणीतून एका सेकंदात जास्तीत जास्त किती बिट (माहितीचे ० किंवा १ हे अंक) जाऊ शकतात, याचे माप म्हणजे बँडविड्थ. आणि एखादे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. पहिली क्षमता आहे, दुसरा कालावधी आहे. दोन्हींना ‘वेग’ म्हटले की ग्राहकाची तक्रार आणि तंत्रज्ञाचे उत्तर यांची गाठच पडत नाही.

या क्षेत्रातला एक जुना विनोद आपल्याकडच्या एसटीला लावून पाहावा. एक टेराबाइटच्या एक हजार हार्ड डिस्क गाडीत भरून पुण्याहून सोलापूरला पाच तासांत पोचवल्या, तर हिशेबाने सेकंदाला सुमारे ४४० गिगाबिट माहिती गेली. घरातली कोणतीही फायबर जोडणी याच्या जवळपास येत नाही. मात्र या मार्गाने ‘हॅलो’ म्हटले तर उत्तर यायला दहा तास लागतील. बँडविड्थ अफाट, लेटन्सीही अफाट.

बँडविड्थ पैसे मोजून वाढवता येते, लेटन्सी मात्र एका मर्यादेखाली जातच नाही. काचतंतूतून (फायबरमधून) प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतरच सुमारे १२,५०० किलोमीटर असल्यामुळे, केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तरी जाऊन येण्यास १२५ मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबलची वळणे आणि वाटेतले राउटर (पॅकेटांना पुढची वाट दाखवणारी यंत्रे) यांमुळे त्याहून बराच अधिक वेळ जातो. भूस्थिर उपग्रह तर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही तसेच, म्हणून जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात खर्च होतो. अशा जोडणीवर चित्रपट उत्तम दिसतो, पण फोनवर बोलताना दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि मग एकाच वेळी थांबतात.

आता प्रतिशब्द. ‘बँडविड्थ’ हा मूळचा रेडिओ अभियांत्रिकीतला शब्द असून, तिथे तो पट्ट्यातल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या वारंवारतेतले अंतर हर्ट्‌झमध्ये सांगतो. या रुंदीचा आणि सेकंदाला पाठवता येणाऱ्या बिटांचा संबंध अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणिताने मांडला, आणि पुढे संगणकवाल्यांनी बिटांच्या मापालाच तो शब्द लावला. त्यामुळे ‘पट्ट्याची रुंदी’ हे शब्दशः भाषांतर रेडिओला शोभते, जाळ्यांच्या संदर्भात मात्र वाचकाला काहीच सांगत नाही. तिथे ‘वहनक्षमता’ बरा. लेटन्सीला ‘विलंब’ म्हणण्याचा प्रघात मला खटकतो. गाडी विलंबाने धावते तेव्हा ती ठरल्या वेळेपेक्षा मागे असते. लेटन्सी तर सारे सुरळीत असतानाही असतेच. वर आपण ती जाऊन-येऊन मोजली, म्हणून पॅकेटच्या त्या जाण्यायेण्याच्या वेळेला ‘खेपेचा वेळ’ म्हणावे असे सुचवतो, कारण ‘खेप’मध्ये जाणे आणि परतणे दोन्ही येतात.

पुरवणी प्रश्न :
१०० एमबीपीएसची जोडणी घेतली असताना फाइल सेकंदाला १२ एमबीच्या आसपासच का उतरते? आणि ‘वायफाय आहे पण नेट नाही’ हे वाक्य बरोबर आहे का?

उत्तर :
पहिल्यात फसवणूक नाही. जोडणी बिटांत विकतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट), फाइल बाइटांत मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. त्यातूनही थोडा वाटा प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्यांत जातो. मराठीत लिहिताना ‘एमबी’ असे मोघम न लिहिता मेगाबिट की मेगाबाइट हे पूर्ण लिहावे.

दुसरे वाक्य अगदी बरोबर आहे. वायफाय ही फोन आणि घरातला राउटर यांच्यामधली जोडणी. इंटरनेट त्या राउटरच्या पलीकडे सुरू होते. संगणकावर ‘पिंग’ (पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते सांगणारी) आज्ञा देऊन पुढे राउटरचा पत्ता लिहावा. बहुतेक घरी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठीच राखून ठेवलेले आहेत. उत्तर एकदोन मिलिसेकंदांत येत असेल तर वायफाय ठीक आहे. मग तीच आज्ञा बाहेरच्या एखाद्या पत्त्यासाठी द्यावी. तिथे उत्तर येत नसेल तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे आहे आणि तक्रार सेवा पुरवणाऱ्याकडे करावी; पण राउटरपर्यंतच ८०-९० मिलिसेकंद लागत असतील, तर महागडी योजना घेण्याआधी राउटर भिंतीआडून बाहेर काढावा.