कार्ल्याच्या खांबांवरचे लेख : नुसती देणगीदारांची यादी का?

मावळातला_भटक्या :
मंडळी, परवा एकवीरेला गेलो होतो, दर्शन झालं आणि शेजारच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या कोरीव प्रार्थनागृहात शिरलो. खांबांवर ब्राह्मी अक्षरं कोरलीयत, सोबतचे एक काका म्हणाले की ह्याने खांब दिला, त्याने दार दिलं, एवढंच लिहिलंय. म्हणजे देवळातल्या पंख्यावर 'अमुक यांजकडून सप्रेम भेट' असतं तसंच की! इतिहासवाल्यांना उपयोग असेल, पण कला म्हणून ह्यात बघायचं काय?

लेणीवेडी :
पंख्याचं पटलं, पण गंमत तिथेच आहे ना. एवढं भव्य चैत्यगृह, आणि खांबांवर नावं कुणाची तर धेनुकाकट नावाच्या जुन्या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, सोपाऱ्याच्या भिक्षूची. दर्शनी भागाच्या कामाला पैसे दिले एका गांधिकाने, म्हणजे सुगंधी मालाच्या व्यापाऱ्याने, त्याचं नाव सिंहदत्त. आणि दार घडवणारा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, त्याचंही नाव आहे!! दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं बापासकट नाव कुठे मिळतं सांगा. व्हरांड्यात वैजयंतीच्या (म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या) भूतपाल श्रेष्ठीचा, म्हणजे बड्या व्यापाऱ्याचा लेख आहे, त्यात तर सरळ लिहिलंय की हे शैलगृह (म्हणजे हे लेणं) जंबुद्वीपात, म्हणजे अख्ख्या भारतात उत्तम. पठ्ठ्या लाजला नाही अजिबात.

जुना_सभासद :
+१, पण सगळेच लेख देखणे असतात असं उगाच म्हणू नका, काही नुसते उरकलेले वाटतात. अक्षराचा डौल बघायचा तर आंध्रात नागार्जुनकोंड्याचे इक्ष्वाकूंचे, म्हणजे तिथल्या राजघराण्याचे लेख बघा, उभ्या रेघा लांबच लांब खेचून खाली वळवल्यात, तिथे कोरणाऱ्याने हौस केलीय. आणि भाषेसाठी नाशिकची पांडवलेणी, ३ नंबरचं लेणं. राजमाता गौतमी बलश्री लेकाबद्दल, सातवाहन राजा गौतमीपुत्राबद्दल बोलतेय, प्राकृतात, समासांवर समास, 'तिसमुदतोयपीतवाहन' म्हणजे ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. हे मोठ्याने वाचा, मग विचारा कला कुठाय. तिथेच १० नंबरात उषवदाताने (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) व्याजाने ठेवल्याचा लेख आहे, २००० एका दराने, १००० जरा कमी दराने. आपली एफडी म्हणा.

मावळातला_भटक्या :
सामी सुतार भारीय! आता परत जायला लागणार. पण फोटोत अक्षरं उठतच नाहीत हो, काय करायचं?

लेणीवेडी :
समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट दिसतात, मोबाईलचा टॉर्च भिंतीलगत आडवा धरा, खाचांत सावली पडते आणि वाचता येतं. खडू, पावडर, पाणी काहीही लावू नका प्लीज, बरेच जण लावतात आणि डोकं फिरतं. आणि रविवारी तर जाऊच नका, एकवीरेची गर्दी असते.