आन लूशानचे बंड : दोष यांग ग्वेफेचा की दरबाराचा?

वाचक, फोंडा :
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासवर्गात मला चीनच्या तांग राजवटीवर बोलायचे आहे. इ. स. ७५५ मधील सेनापती आन लूशानच्या बंडाविषयी वाचताना सम्राट श्वानझोंग आपली लाडकी उपपत्नी यांग ग्वेफे हिच्या मोहात गुंतला आणि म्हणून राज्य खिळखिळे झाले, हेच स्पष्टीकरण वारंवार भेटते. चाळीस वर्षांहून अधिक काळ समर्थपणे राज्य करणाऱ्या सम्राटाबाबत हे मला अपुरे वाटते. शिवाय श्रोते गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याने पोर्तुगिजांविरुद्ध केलेल्या बंडांशी तुलना करणारच. ती कितपत योग्य ठरेल?

साखळीकर :
आपली शंका रास्त आहे. मूळ शोधायचे तर यांग ग्वेफेच्या आधी श्वानझोंगचा मुख्य मंत्री ली लिनफू याच्याकडे पाहावे. सीमेवर पराक्रम गाजवणारे सेनापती पुढे मुख्य मंत्री होत असत. आपल्याला असा प्रतिस्पर्धी निर्माण होऊ नये म्हणून, दरबारात ज्यांना पाठबळ नाही अशा बिगर-चिनी सेनानींकडे सीमेवरील सैन्य सोपवावे, असे त्याने सम्राटाच्या गळी उतरवले. त्यातूनच मध्य आशियातील सोग्दी आणि तुर्क अशा मिश्र वंशाचा आन लूशान ७५१ पर्यंत फान्यांग, पिंगलू आणि हदोंग या तिन्ही सैनिकी प्रांतांचा अधिपती झाला. सीमेवरच्या सुमारे ४ लाख ९० हजार सैनिकांपैकी १ लाख ८० हजारांहून अधिक एकट्या त्याच्या हाताखाली होते. ग्वेफेने त्याला मानसपुत्र मानले ही गोष्ट रंजक खरी, पण ते सैन्य तिने दिले नव्हते.

अभ्यासक, म्हापसा :
साखळीकरांशी मी बव्हंशी सहमत आहे. तरीही मर्जीचा प्रश्न इतक्यात सोडून देऊ नये. ग्वेफेचा नातलग यांग ग्वोझोंग ७५२ मध्ये मुख्य मंत्री झाला आणि त्याच्या व आन लूशानच्या वैराने बंडाची घडी जवळ आणली. त्याहून मोठा अनर्थ बंड सुरू झाल्यावर, ७५६ मध्ये झाला. पूर्वेकडील दुसरी राजधानी लुओयांग बंडखोरांच्या हाती पडल्यावर गाओ श्यानझी आणि फेंग छांगछिंग या सेनापतींना एका खोजाच्या चहाडीवरून मृत्युदंड देण्यात आला. त्यांच्या जागी आलेला गशू हान आजारी असूनही तोंग खिंड धरून बसला होता आणि ते धोरण योग्यच होते; परंतु हा सेनापती आपल्यावरच उलटेल या धास्तीने यांग ग्वोझोंगने सम्राटाकडून त्याला बाहेर पडून लढण्याची आज्ञा देववली. सैन्य कापले गेले आणि राजधानी छांगआन उघडी पडली. पळून जाताना मावेई येथे चिडलेल्या सैनिकांनी प्रथम यांग ग्वोझोंगलाच मारले आणि मग ग्वेफेच्या मृत्यूचा हट्ट धरला. राग कोणावर होता, हे त्या क्रमावरूनच दिसते.

वाचक, वाळपई :
राणे घराण्याच्या बंडांशी तुलना करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १८५२ मध्ये दीपाजी राणे उठले ते परक्या सत्तेविरुद्ध. आन लूशानला तर दरबारानेच वाढवले होते.

आणखी एक विनंती. ५ कोटी २९ लाखांवरून ७६४ मध्ये १ कोटी ६९ लाखांवर आलेली लोकसंख्या म्हणजे तितके मृत्यू, असे व्याख्यानात सांगू नये. ते आकडे शिरगणतीतील नोंदींचे आहेत आणि नोंदणीची यंत्रणाच मोडली होती. ७६३ मध्ये बंड शमले, तेव्हा शरण आलेल्या बंडखोर सेनापतींनाच ईशान्येकडील हबेईचे प्रांत देण्यात आले आणि तिथला महसूल पुढे दरबाराकडे फारसा आलाच नाही.