सुधारित वाणांनी मुळातली बुरशी गमावली?

काळी_माती
माझं म्हणणं, गमावली. सुधारित वाणांची निवड भरपूर खत दिलेल्या प्रक्षेत्रांवर झाली. तिथे मायकोरायझाची, म्हणजे मुळांत राहून रोपाला स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणाऱ्या बुरशीची, गरजच नव्हती, त्यामुळे तिचा उपयोग करून घेणारी रोपं वेगळी उठून दिसलीच नाहीत. 2018 मध्ये 27 पिकं आणि त्यांचे रानटी पूर्वज यांची तुलना प्रसिद्ध झाली. रानटी रोपांना स्फुरद कमी असो की जास्त, बुरशीचा फायदा झाला. लागवडीखालच्यांना फक्त स्फुरद कमी असताना. गावरान वाण जपा म्हणतात ते याचसाठी.

तंतुमय
तुमचाच पुरावा तुमच्या विरुद्ध जातो! स्फुरद कमी असताना फायदा होतोय, म्हणजे क्षमता शाबूत आहे. स्फुरदाची टंचाई झाली की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन हे इशाऱ्याचं रसायन सोडतं आणि त्यावर बुरशीचे तंतू फांद्या फोडतात. डीएपीचा (स्फुरदयुक्त खताचा) हात सैल सोडला की हा इशारा कमी होतो. साहजिक आहे, बुरशीला साखर आणि स्निग्धांश रोपानेच पुरवायचे असतात.
शिवाय ‘प्रतिसादाचा टक्का’, म्हणजे बुरशीमुळे वाढ किती टक्क्यांनी जास्त झाली हे माप, फसवा आहे. बुरशीशिवाय जे रोप खुरटतं त्याचा टक्का आपोआप फुगतो. 2012 च्या एकत्रित विश्लेषणात नव्या वाणांनी प्रतिसाद गमावल्याचा पुरावा मिळाला नव्हता.

काळी_माती
टक्क्याचं ठीक. पण सोयाबीनला पेरणीबरोबर डीएपी, बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, वर रोटाव्हेटरने तंतूंचं जाळं दर हंगामात फाडायचं. अशा शेतात ती शाबूत क्षमता काय कामाची?

तंतुमय
मग दोष मशागतीचा, वाणाचा नव्हे. गावरान आणि सुधारित, दोन्ही पूर्ण आणि निम्म्या स्फुरदावर पेरून बघा. किमान तीन पुनरावृत्ती ठेवा.

मूळ_तपासनीस
त्यातून वाणाचा स्फुरदाला प्रतिसाद कळेल, बुरशीचा नाही. मुळं रंगवावी लागतील. पेरणीनंतर साधारण 40 दिवसांनी बारीक मुळं घ्या, सोटमूळ नको. 1 सेंमीचे तुकडे 10% पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये 90 अंशांवर पारदर्शक होईपर्यंत ठेवा (हातमोजे हवेतच), मग चार-पाचदा धुवा. इथेच घाई होते: क्षार राहिला की रंग धरत नाही. व्हिनेगरमध्ये 5% काळी शाई घालून 3 मिनिटं उकळा, नंतर किंचित व्हिनेगर घातलेल्या पाण्यात 20 मिनिटं ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली आडव्या भिंतींचे तंतू दिसले तर ते सहसा दुसऱ्याच बुरशीचे, मोजू नका.
आणि कोबी, मोहरी, पालक, बीट यांवर मायकोरायझाची पाकिटं वाया घालवू नका, ही पिकं तिच्याशी जोडतच नाहीत. त्यांच्या पाठोपाठचं पीकही उशिरा जोडतं, म्हणून तुलनेसाठी तसं शेत टाळा.

काळी_माती
चालेल. पण कार्बेन्डाझिम न लावलेलं बियाणं घ्यायचं, दोन्ही वाणांचं. नाहीतर परत वाणावरच खापर.