मदत हवी आहे: मामाच्या जुन्या टेप कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत (तातडीचं)

अबोली
नमस्कार. मामाच्या जुन्या टेप आहेत, माझगावच्या घरातल्या. पुढच्या महिन्यात त्याची पंचाहत्तरी आहे. त्याआधी सगळं कॉम्प्युटरवर घेऊन त्याला पेन ड्राइव्हवर द्यायचं आहे. मशीन आहे पण चालत नाही, मोटर नुसती घुं घुं करते. एका दुकानात टाकलं होतं, त्यांनी महिनाभर ठेवून घेतलं आणि पार्ट मिळत नाहीत म्हणून परत दिलं, तेही मागचं झाकण न लावता. टेपमध्ये १९६८ ते ७२ च्या सुमाराची रेडिओवरून घेतलेली गाणी आहेत, बहुतेक इंग्रजी. खात्रीचा माणूस कोणी सांगेल का? कृपया माहीत असणाऱ्यांनीच लिहा, वेळ खरंच कमी आहे.

रेडिओवेडा
सोपं काम आहे. कॅसेट घालून यूएसबीने थेट कॉम्प्युटरला जोडायची छोटी यंत्रं ऑनलाइन मिळतात. मी वडिलांच्या शंभरेक कॅसेट तशाच घेतल्या. फक्त एक बघा, कॅसेटच्या तोंडाशी पत्र्याच्या पट्टीवर स्पंजचा तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. दुसऱ्या कॅसेटमधून काढून चिकटवता येतो.

सदाफुली
ताई, गाणीच हवीत ना? मग एवढा खटाटोप कशाला? सगळी यूट्यूबवर आहेत. नाहीतर सरळ कारवाँ रेडिओ द्या भेट. ५००० गाणी आधीच भरलेली येतात. माझ्या सासऱ्यांना दिला, दिवसभर उशाशी असतो. डोळ्यांना कमी दिसतं त्यांना, पण बटणं मोठी असल्याने अडत नाही.

तपकीर गल्ली
अबोली, आधी एवढं सांगा: कॅसेट आहे की स्पूल (उघड्या चाकावर गुंडाळलेली टेप)? मशीन कोणत्या कंपनीचं? वेग कोणते दिले आहेत? टेप इतकी वर्षं कुठे होत्या? तुम्ही राहता कुठे? फिलिप्सने कॅसेट काढली १९६३ साली, पण १९६८ मध्ये माझगावात कोणाच्या घरी कॅसेट रेकॉर्डर असणं अवघडच. मला स्पूल वाटतोय.

आणि हे मिळेपर्यंत मशीनचा प्लग पुन्हा लावू नका.

अबोली
टेप म्हणजे स्पूलच हो, कॅसेट मी कुठे म्हटलं? दहा-बारा आहेत. मशीन ग्रुंडिगचं, मामाचा माझगावच्याच म्हातारपाखाडीतला मित्र बोटीवर होता, त्याने आणून दिलेलं. मी ठाण्यात. टेप देवरुखला माळ्यावर होत्या, मामा निवृत्त झाल्यावर सगळं तिकडेच नेलं. वेग वगैरे माहीत नाही.

सदाफुलीताई, कारवाँ आहे त्याच्याकडे.

रेडिओवेडा
स्पूल असेल तर मग ओव्हनमध्ये भाजा. खरंच सांगतोय, परदेशात मोठमोठे स्टुडिओ करतात. टेपवरचा थर दमट हवेने चिकट होतो, तो ५०-५५ अंशांवर आठ-दहा तास ठेवला की टेप काही दिवस चालण्याजोगी होते. देवरुखच्या माळ्यावर इतके पावसाळे काढलेत म्हणजे नक्की चिकटली असणार.

तपकीर गल्ली
अबोली, कृपा करून हे करू नका. रेडिओवेडा, तुम्ही म्हणता तो दोष मुख्यतः सत्तरीनंतरच्या स्टुडिओच्या टेपचा, पॉलिस्टरच्या आणि मागच्या बाजूलाही काळा थर असलेल्या. साठीतल्या घरगुती टेप बऱ्याचदा अ‍ॅसिटेटच्या (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) असतात. अ‍ॅसिटेटला उष्णता दिली की ती आक्रसते, वाकडी होते, आणि मग काहीच करता येत नाही.

ओळखायचं असं: स्पूल उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट. मग डबी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती टेप आतून सडायला लागली आहे. पांढरी बुरशी दिसली तर घरात झटकू नका, तोंडाला फडकं बांधून गॅलरीत बघा, आणि ती टेप मशीनवर चढवू नका.

मशीनबद्दल: मोटर घुं घुं करते पण फिरत नाही म्हणजे बहुतेक मोटरचा कंडेन्सर गेलाय किंवा बुशातलं तेल सुकून डिंक झालंय. दोन्ही होण्यासारखं आहे. रबराचे बेल्ट आणि चाकं मात्र बदलावी लागतील, ती पन्नास वर्षांनी राहत नाहीत. चालू करायचंच झालं तर आधी १०० वॅटच्या दिव्याची सिरीज लावून, म्हणजे मशीनला वीज त्या दिव्यातूनच जाईल अशी. दिवा भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. तुमच्या दुकानदाराने ही सिरीज लावली होती का, हे विचारून बघा.

मिशिगनवासी
कोणती इंग्रजी गाणी आहेत हो? १९६८ ते ७२ म्हणजे मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा ऐन काळ. मी डेट्रॉईटजवळ राहतो. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर जिथून ही सगळी गाणी निघाली ते घर अजून आहे, आता संग्रहालय केलंय. दुमजली साधं घर, दारावर 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' अशी पाटी. मागच्या बाजूच्या छोट्याशा खोलीत स्टुडिओ. मार्व्हिन गे, सुप्रीम्स, स्टीव्ही वंडर, सगळे तिथे गायलेत. आवाजाला घुमारा यावा म्हणून माळ्यावरची जागा वापरायचे, ते भोकही दाखवतात. आपल्याकडून पाहुणे आले की मी तिथे नेतोच. १९७२ साली कंपनी लॉस एंजेलिसला गेली, त्याचं दुःख इथली म्हातारी माणसं अजून बोलून दाखवतात.

आणि इथे गराज सेलमध्ये स्पूलची मशीनं चांगली मिळतात. डिसेंबरात येतोय, एक घेऊन येऊ का?

तपकीर गल्ली
भाऊ, मन मोठं आहे तुमचं, पण तिकडची बरीच मशीनं ११० व्होल्ट आणि ६० सायकलची (हर्ट्झची). व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मर लावता येतो. पण मोटर आपल्या ५० सायकलवर सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि गाणारी बाई पुरुषासारखी ऐकू येते. आणि ताईंना पुढच्या महिन्यात हवंय.

गिरगावकर
माझगाव आणि १९६८ वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या चाळीत बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, गॅलरीत पोरं वही घेऊन बसलेली, पायदान, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, लिहून घ्यायला. सरताज गीतावर पैजा लागायच्या. गीतमालेचे निवेदक अमीन सायानी गेले २०२४ साली, त्या दिवशी आम्ही जुन्या मित्रांनी एकमेकांना फोन केले. विविध भारतीवर ही मजा कधीच नव्हती.

सदाफुली
विविध भारतीला नावं ठेवू नका. माझी आई देवाच्या फुलांपासून भाकरीपर्यंत सगळं विविध भारतीच्या वेळेवर करायची. आणि गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवरच आली होती की!

गिरगावकर
आली, पण तोवर टीव्ही आला होता. शॉर्टवेव्हवर सिलोन पकडण्यात जे होतं ते मुंबईचं स्वच्छ स्टेशन लावण्यात नव्हतं. आणि गीतमालेच्याही आधीपासून सिलोनवर इंग्रजी बिनाका हिट परेड होती. आमच्याकडे ती कोणी ऐकत नसे, पण भायखळा, माझगाव, वांद्र्याची कॅथलिक पोरं तिच्यावर जीव टाकायची. शनिवारी आकाशवाणीवर 'सॅटर्डे डेट' असायचं, तिथे फर्माईश पाठवून आपलं नाव वाचलं जाण्याची वाट बघायची. अबोली, तुमच्या मामांना विचारा, त्यांचं नाव कधी आलं होतं का.

वालावलकर
अवांतर: गीत रामायणाचे मूळ कार्यक्रमही असेच टेपवर असणार ना? १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर वर्षभर, ५६ गाणी. त्यांची जपणूक कशी झाली यावर वेगळा धागा काढावा असं सुचवतो.

मिशिगनवासी
गिरगावकर, म्हणजे ती पोरं सोलच (मोटाउनचं ते संगीत) ऐकत होती. सोल चर्चमधल्या गाण्यातून आलं, म्हणूनच माझगावच्या क्वायरमध्ये गाणाऱ्या पोरांना ते आपलं वाटलं असणार.

गिरगावकर
चर्चच्या गाण्यातून ते भिडलं असेल असं मला नाही वाटत. त्यांच्या क्वायरमध्ये लॅटिन आणि कोकणी-मराठी भजनं असायची. ते भिडलं नाचामुळे. लग्नाच्या बँडमध्ये, रविवारच्या जॅम सेशनला ज्यावर नाचता येतं ते चालायचं. माझ्या शाळेतला एक मित्र ट्रम्पेट वाजवायचा, रेडिओवर गाणं एकदाच लागणार म्हणून हातावर सूर लिहून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी बँडमध्ये ते वाजलं पाहिजे! टेपरेकॉर्डर असलेला मुलगा त्या गल्लीत राजा होता. तुमचे मामा त्या पोरांसाठीच टेप करत असणार, बघा विचारून.

अबोली
गिरगावकर, बरोबर ओळखलंत. मामा वाजवत नसे, पण बँडमधली मुलं गाणी उतरवून घ्यायला त्याच्याकडे बसायची, आमची आजी सगळ्यांना चहा करायची. हे मला मामीकडून कळलं.

आता मूळ मुद्द्यावर येऊ का? गाणी मलाही यूट्यूबवर मिळतात. गाणी नकोच आहेत. तेव्हा रेडिओसमोर माइक ठेवून टेप करायचे. त्यामुळे खोलीतलं सगळं आत आलं आहे. दोन गाण्यांच्या मधे मामा सिलोनच्या निवेदकासारखा बोलतो, मित्रांच्या फर्माईशी वाचतो, आणि मागे माझी आई हसते. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या लग्नाआधीचा आवाज आमच्यापैकी कोणीच ऐकलेला नाही. मशीन चालत होतं तेव्हा मामा कधीतरी लावायचा, त्याच्या तोंडून मी हे ऐकलंय. म्हणून ही घाई.

उजेडात धरून बघितलं. बऱ्याचशा आरपार दिसतात. दोन काळ्या आहेत. एका डबीला लोणच्यासारखा आंबट वास आहे. डबीवर मामाच्या अक्षरात "दिवाळी ६९" लिहिलंय.

सदाफुली
ताई, माफ करा, मला कळलं नव्हतं. नक्की मिळेल आवाज.

तपकीर गल्ली
हे आधी कळतं तर बरं झालं असतं, आता सांगतो ते नीट करा.

दिवाळी ६९ ची डबी आजच बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. तो वास ज्या आम्लाचा असतो ते शेजारच्या टेपलाही लागतं. तिला हवाबंद पिशवीत घालू नका, कागदी खोक्यात, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. फ्रीजमध्ये नको. सगळ्यात आधी तीच उतरवायची.

टेप तुटलीच तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पसरतो आणि पुढचे वेढे चिकटतात. तुटलेली टोकं फक्त जपून ठेवा. अ‍ॅसिटेट स्वच्छ तुटते, नीट जोडता येते.

तुमच्या ग्रुंडिगच्या मागे लागू नका आता, त्याचा जीव पंचाहत्तरीनंतर वाचवू. माझ्याकडे चालू डेक (स्पूल वाजवायचं मशीन) आहे. एक अडचण येऊ शकते, आधीच सांगून ठेवतो. घरगुती मशीनवर पैसे वाचवायला एकाच टेपवर चार पट्ट्यांत रेकॉर्ड करायचे. माझ्या स्टीरिओ डेकवर लावली की डाव्या कानात एक गाणं आणि उजव्या कानात दुसरंच, दोन्ही सरळ, अशी एकदम येतील. ती वेगवेगळी करता येतात. जर एका कानात उलटं ऐकू आलं तर टेप दोनच पट्ट्यांची आहे. दोन्ही चालेल. पाच इंची, ९०० फुटांचा स्पूल सेकंदाला पावणेचार इंच वेगावर असेल तर एका पट्टीत ४८ मिनिटं बसतात. चार पट्ट्या म्हणजे तीन तासांच्या वर, एका स्पूलमधून!

आणि कोणीही म्हटलं तरी आवाज "स्वच्छ" करून घेऊ नका. २४ बिट, वेव्ह फाइल, जसं आहे तसं. आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो तो शॉर्टवेव्हचा स्वभाव आहे, मशीनचा बिघाड नाही. खरखर काढायच्या सॉफ्टवेअरला मागचं हसणंही खरखरच वाटतं, ते पहिलं जातं.

रेडिओवेडा
ओव्हनचं मागे घेतो. पण त्या दोन काळ्या टेप पॉलिस्टरच्या असतील तर भाजायचा विचार करायला हरकत नाही ना?

तपकीर गल्ली
आधी लावून बघू. किंचाळली, हेडवर तपकिरी गाळ बसला, तरच. आणि मागचा थर काळा आहे की नुसती टेप गडद आहे ते मी हातात घेऊन ठरवेन.

अबोली, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. रविवारी सकाळी पुण्याला या. येताना टेप गाडीच्या डिकीत, स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवू नका, मांडीवर घ्या. स्पूल उभे, पुस्तकासारखे. दोन काळ्या आणि दिवाळी ६९ एवढ्याच आणा, बाकीच्या पुढच्या खेपेला. फी नको. टेपचं लेबल आणि डबीचे फोटो मात्र आधी पाठवा.

अबोली
व्यनि मिळाला. रविवारी येते. मामाला काही सांगितलेलं नाही, मामीला विचारून फोटो मागवते. एका डबीच्या आत मित्रांच्या फर्माईशींचा कागदही आहे म्हणे, नावं आहेत त्यावर.

गिरगावकर
तो कागदही स्कॅन करा. त्यातले दोघे-तिघे अजून माझगावातच सापडतील. म्हातारपाखाडीतल्या क्रुसाजवळ संध्याकाळी जुनी मंडळी बसतात. मी मुंबईतच आहे, पंचाहत्तरीला त्यांना बोलवायचं असेल तर नावं मला व्यनितून पाठवा, मी जाऊन विचारतो.

मिशिगनवासी
मामांच्या निवेदनात मोटाउनचं एखादं नाव आलं तर मला तेवढा तुकडा पाठवाल का? इथे संग्रहालयात एक वयस्कर गाइडबाई आहेत, त्यांना ऐकवायचा आहे. आणि हिट परेडची एखादी पट्टी निघाली तर तीही.